नवजात बाळाचे हातपाय निळसर का दिसतात?

जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाचे अंग गुलाबी, पण तळहात-तळपाय निळसर दिसले की घरची मंडळी घाबरतात. बाळ उबदार असेल आणि नीट दूध पीत असेल, तर बहुधा यात काळजीचे कारण नसते. बाळाच्या त्वचेतील रक्तप्रवाह प्रौढांहून वेगळा असतो, हे त्याचे कारण.

त्वचेतील रक्त पोषणाबरोबरच शरीराची उष्णता राखण्याचे व बाहेर टाकण्याचे काम करते. प्रौढ माणसाच्या त्वचेतून विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते; तीव्र उष्म्यात हेच प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उष्णता आत राहते.

नवजात बाळात ही यंत्रणा पुरती घडलेली नसते. प्रौढांच्या त्वचेत केशवाहिन्यांचे बारीक वेढे पृष्ठभागाकडे उभे गेलेले असतात. बाळाच्या त्वचेत जन्मतः असे वेढे मुख्यतः तळहात, तळपाय आणि नखांच्या कडेला आढळतात. अन्यत्र केशवाहिन्यांचे दाट, आडवे जाळे असते. पुढील तीन-चार महिन्यांत त्याला प्रौढांसारखे रूप येते. रक्तवाहिन्यांवरील नियंत्रणही अपक्व असल्याने गारवा लागताच अंगावर जाळीदार, निळसर नक्षी उमटते.

खरा धोका उष्णता गमावण्याचा असतो. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढांच्या अडीच ते तीन पट असते. बाळ थंडीने कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. खांद्यांच्या मधल्या भागात व इतरत्र साठलेली तपकिरी चरबी जाळूनच त्याला ऊब मिळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ हा साठाही तुटपुंजा असतो. म्हणूनच पुण्यातील सदनिका असो वा राजगडाच्या वाटेवरील मार्गासनीसारख्या मावळातील गावातले पावसाळी गारठ्याचे घर, नियम एकच : बाळाला जपायचे ते उबेने.

पारख सोपी आहे. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय चाचपावेत. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार, पण पाय गार असतील तर त्वचेतील रक्त आखडू लागले आहे. बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीशी धरावे, टोपी-मोजे घालावेत व वरून पांघरूण घ्यावे. पोटही गार लागले, बाळ मलूल झाले वा दूध ओढेनासे झाले, तर ऊब देत तातडीने रुग्णालय गाठावे. ओठ किंवा जीभ निळी पडणे हे केव्हाही संकटाचेच लक्षण होय.

अशा साध्या काळजीने जीव वाचतात, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना बाळाला ऊब देणे, स्तनपान आणि जंतुसंसर्गाची ओळख व उपचार यांचे प्रशिक्षण दिले. या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या घरभेटी देऊ लागल्या, त्यामागे हाच अनुभव होता. ती दारी आली की बाळाचे पाय तिला जरूर दाखवावेत.