80 जणांनी फिरवायचा पंखा!

बलूनला स्टिअरिंग नसतं. वारा नेईल तिकडे जायचं, आणि गुपचूप उतरायचं. ज्याँ-बाप्तिस्त म्यूनिए या फ्रेंच लष्करी इंजिनीअरला हे काही पटेना. मॅथ्स घेतलेल्यांना त्याचं नाव वक्र पृष्ठभागांवरच्या प्रमेयामुळे ठाऊक असेल. ते त्यानं विशी ओलांडताच मांडलं होतं. नोकरी मात्र शेरबुर्ग बंदराच्या कामावर.

1783 मध्ये माँगोल्फिए बंधूंचं बलून उडालं आणि अख्खं पॅरिस वेडं झालं. 29 वर्षांच्या म्यूनिएनं डिसेंबरात सायन्स अकादमीपुढे निबंध वाचला आणि पुढच्याच वर्षी डिझाइन काढलं: लंबगोल, सुमारे 80 मीटर लांब. वर गेलं की गॅस फुगतो, खाली आलं की आक्रसतो, मग आकार टिकणार कसा? त्यानं आत आणखी एक पिशवी सुचवली, साध्या हवेची. ती कमी-जास्त भरायची, की बाहेरचं कापड ताठच्या ताठ! आजच्या ब्लिंपमध्येही हीच युक्ती असते.

पुढे ढकलायला पंखे होते. ते फिरवणार कोण? 80 माणसं, हातानं! इथेच सगळं अडलं. हलकं इंजिनच अजून जन्मलं नव्हतं, खर्चही अफाट. ते यान कागदावरच राहिलं. वाफेचं इंजिन लावलेलं हवाई जहाज उडायला 1852 उजाडलं.

पिशवीची आयडिया मात्र रॉबेर बंधूंनी जुलै 1784 मध्ये लगेच वापरून पाहिली. वर गेल्यावर आतली पिशवी नेमकी गॅसच्या तोंडाशी अडकली. बलून फुटायची वेळ आली, तेव्हा सोबत असलेल्या शार्त्रच्या ड्यूकनं सरळ कापडालाच भोक पाडलं. सगळे वाचले. लोकांनी ड्यूकची टर उडवली, पण त्या क्षणी दुसरं करणार काय?

म्यूनिएचं दुसरं काम लाव्हाझिएबरोबरचं. लालबुंद तापलेल्या लोखंडी नळीतून पाणी सोडून त्यांनी हायड्रोजन काढला. एरवी त्यासाठी गंधकाम्ल लागायचं. क्रांतीनंतरच्या युद्धात गंधक तोफेच्या दारूला हवं होतं, तेव्हा फ्रेंच सैन्याच्या बलून कंपनीनं हीच लोखंडाची रीत उचलली. 26 जून 1794 ला फ्लरूसच्या लढाईत त्यांचं बलून शत्रूवर नजर ठेवत तासन् तास वर तरंगत होतं.

जनरल झालेला म्यूनिए मात्र वर्षभर आधीच, जून 1793 मध्ये, माइन्झच्या वेढ्यात जखमी होऊन गेला. चाळिशीही गाठली नव्हती.