प्रिंटर यजमान की पाहुणा?

२०१६ मध्ये अटल टिंकरिंग लॅब योजना सुरू झाली आणि अनेक शाळांत थ्री-डी प्रिंटर आले. हा प्रिंटर दुसऱ्या संगणकावरून चालवायचा असेल, तर त्याला यूएसबी तारेने रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक जोडतात. त्यावर ऑक्टोप्रिंट ही मुक्त प्रणाली चालवता येते. या छोट्या संगणकाला आपण 'नियंत्रक' म्हणू. वर्गातल्या लॅपटॉपने त्याच्याशी बोलायचे, तर दोघेही एकाच जाळ्यात हवेत. हे दोन प्रकारे साधते.

पहिल्या प्रकारात नियंत्रक यजमान असतो. तो स्वतःच वाय-फायचे जाळे उभारतो आणि जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉपला पत्ता देतो. शाळेत इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. मात्र जाळ्याचा आवाका खोली-दोन खोल्यांपुरताच असतो.

दुसऱ्या प्रकारात नियंत्रक पाहुणा होतो. यजमान असतो शाळेचा राउटर. तो नियंत्रकाला १९२.१६८.१.२० यासारखा पत्ता देतो. हा पत्ता बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये तो राखून ठेवावा. वाय-फायऐवजी ईथरनेटची तार वापरली तरी प्रकार हाच. जोडणी मात्र अधिक भरवशाची.

पण नियंत्रकाला ना पडदा, ना कळफलक. मग राउटरचा परवलीचा शब्द त्याला सांगायचा कसा? अनेक उपकरणांत यावर छान युक्ती असते. उपकरण आधी यजमान होते. आपण त्याच्या जाळ्यात शिरून परवलीचा शब्द सांगतो. मग ते पाहुणे होते.

छपाई चालू असताना लॅपटॉपचे वाय-फाय तुटले तर? छपाई चालूच राहते! कारण वस्तूची फाइल नियंत्रकात असते आणि तिथून एकेक आज्ञा यूएसबी तारेने प्रिंटरकडे जाते. म्हणजेच लॅपटॉप मिटला तरी सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेले टोक तापलेलेच राहते. प्रिंटरपाशी कोणीतरी थांबायला हवे, ते यासाठी.

घरबसल्या प्रिंटर पाहता यावा म्हणून काही जण राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला वाट उघडून देतात. सप्टेंबर २०१८ मध्ये सान्स इंटरनेट स्टॉर्म सेंटरला असे साडेतीन हजारांहून अधिक ऑक्टोप्रिंट नियंत्रक इंटरनेटवर उघडे आढळले. परवलीचा शब्द नसेल, तर अशा प्रिंटरचे टोक कोणीही अनोळखी माणूस तापवू शकतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या नियमानुसार खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. बाहेरून तिथे थेट पोहोचता येत नाही. हे कुंपण आपणच मोडू नये.

एक प्रयोग करून पाहा. छपाई चालू असताना लॅपटॉपचे वाय-फाय बंद करा. काय होईल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधी कारणासह लिहून घ्या. जाळे आणि यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पाठ करावे लागणार नाही.