औषधाच्या बाटलीत काय आहे, हे कोण सांगणार?

लेकराला खोकला झाला की आई दुकानातून औषधाची बाटली आणते आणि विश्वासाने चमचा भरते. तो विश्वास लेबलावर असतो. पण लेबल खरे की खोटे, हे ठरवण्याचे ठिकाण एकच, रसायनांची तपासणी करणारी प्रयोगशाळा. जिथे ती नाही, तिथे काय होते?

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया हा जेमतेम पंचवीस लाख वस्तीचा गरीब देश. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथली लहान लहान मुले एकाएकी आजारी पडू लागली. लघवी बंद होई, मूत्रपिंडे निकामी होत आणि काही दिवसांत मूल दगावे. जुलैत तिथल्या डॉक्टरांना औषधाचा संशय आला. पण औषध तपासायला देशात प्रयोगशाळाच नव्हती! नमुने परदेशी पाठवावे लागले. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगाला इशारा दिला, की चार पातळ औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही विषे सापडली आहेत. तोवर ६६ मुले गेली होती. पुढे हा आकडा ७० वर पोहोचला.

ही औषधे आपल्याच देशातली, हरियाणातील एका कंपनीची. कंपनीने आरोप नाकारला. कंपनीकडे राखून ठेवलेले नमुने निर्दोष असल्याचे भारत सरकारच्या प्रयोगशाळेने सांगितले. परदेशी प्रयोगशाळा एक सांगते, विकणारा देश दुसरेच सांगतो. ज्याची लेकरे गेली त्याच्या हाती मात्र स्वतःची तपासणी नाही. ज्याच्यापाशी स्वतःचे माप नाही, त्याला दुसऱ्याच्या मापावर विसंबावे लागते.

गोड विष

पातळ औषधात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला अगदी तसेच, चवीलाही गोड, पण स्वस्त. ते कारखान्यांत द्रावक म्हणून आणि गाड्यांच्या ब्रेक ऑईलमध्ये वापरतात. डोळ्याला आणि जिभेला हा फरक कळत नाही. पोटात गेल्यावर मात्र त्याचे असे आम्ल बनते, की ते मूत्रपिंडे जाळून टाकते.

ही गोष्ट परक्या मुलखातली म्हणून सोडून देता येणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदी व तपासणीतील सरकारी ढिसाळपणा चव्हाट्यावर आणला. आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने तपासले तेव्हा त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का! सरकारी रुग्णालयात आणि गावच्या दवाखान्यात जाणारे कोण असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

यंत्र आले, माणूस कुठे?

मग प्रयोगशाळा उभारायची कशी? कोट्यवधींची यंत्रे मागवली की झाले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र विषाचा अचूक अंश सांगते. पण त्याला अखंड वीज लागते, शुद्ध वायूचे सिलिंडर लागतात, तुलनेसाठी प्रमाणित रसायने लागतात आणि बिघडले तर दुरुस्त करणारा कारागीर लागतो. यातले एक जरी नसले, तरी दानात मिळालेले यंत्र धूळ खात पडते.

म्हणून सुरुवात साध्या तपासणीने करता येते. टिपकागदावर शाईचा थेंब टाकून कागदाचे टोक पाण्यात बुडवले, की शाईतले रंग वेगवेगळे होऊन वर चढतात. त्याच तत्त्वावर एका लेपाच्या पट्टीवर औषधाचा थेंब ठेवतात. त्यातले घटक कमी-अधिक उंचीवर चढतात आणि विषाचा डाग वेगळा दिसतो. याला खर्च थोडा येतो. संशयित नमुना तेवढा मोठ्या यंत्राकडे पाठवायचा.

टांझानियाने हाच मार्ग धरला. पेटीत मावणाऱ्या छोट्या प्रयोगशाळा सीमेवरच्या नाक्यांवर दिल्या आणि दार-एस-सलामला मध्यवर्ती प्रयोगशाळा बळकट केली. २०११ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यताप्राप्त यादीत आली. २०१८ मध्ये तिथली औषध नियंत्रण यंत्रणा सक्षमतेच्या तिसऱ्या पायरीवर पोहोचली. आफ्रिकेत हा मान मिळवणारी ती पहिलीच. हे एका दिवसात झाले नाही. वर्षानुवर्षे माणसे शिकवावी लागली, त्यांना पगार देऊन टिकवावे लागले.

आपण काय करावे? दोन वर्षांखालील बाळाला खोकल्या-सर्दीचे औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालीलही सहसा देऊ नये, असे केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२५ मध्ये बजावले आहे. बाटली घेताना पावती मागा, बॅच नंबर पाहा. मुलाची लघवी कमी झाली तर बाटली फेकून न देता ती घेऊन तडक रुग्णालय गाठा. तीच बाटली तपासणीचा पुरावा असते.

आणि घरात रसायनशास्त्र शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर तिला या कामाची माहिती द्या. औषध तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळांना विश्लेषक लागतात. त्या पट्टीवरचा डाग ओळखणारी नजर आपल्या वस्तीतूनही तयार झाली पाहिजे.