लाईट बिल अचानक फुगलं? भरण्याआधी एवढं तपासा

सावदा : मुंबई उपनगरात घरगुती ग्राहकाला टाटा की अदानी, अशी वीज कंपनी बदलता येते. सावदा, फैजपूर, रावेर भागात घरच्या लाईटसाठी महावितरणच. त्यामुळे बिल नीट वाचणं हाच आपल्या हातातला उपाय.

रीडिंग जुळवा : 'चालू रीडिंग'मधून 'मागील रीडिंग' वजा केलं की वापरलेले युनिट निघतात. बिलावरचं चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर चूक आहे. लगेच मीटरचा फोटो काढा.

टप्पा बघा : घराला कुलूप असलं की सरासरी बिल येतं, मग रीडिंग झालं की सगळे युनिट एकदम लागतात. पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०१ पासून जास्त. समजा तीन महिन्यांचे २७० युनिट आले. एकाच महिन्याचे धरले तर १७० युनिट महाग पडतात. तीन महिन्यांत वाटले तर महिन्याला ९०, म्हणजे सगळे स्वस्त टप्प्यात. ही वाटणी झाली का आणि आधी भरलेले सरासरीचे पैसे वजा झाले का, ते बघा.

तक्रार कुठे? : १९१२ वर फोन करून तक्रार नंबर लिहून ठेवा. कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

लाईट तोडतील का? : वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरा. मग वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही.