हाताजोगी रॅकेट

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. भांडे मठारणाऱ्या कारागिरास हातोडी कशी निवडावी हे सांगावे लागत नाही. घाव मोठा हवा असेल तर डोक्यात वजन असलेली, आणि गळ्याशी नाजूक काम असेल तर हलकी हातोडी तो उचलतो. शेजारच्या नामांकित कारागिराची हातोडी आणली म्हणजे आपलेही भांडे तसेच उतरेल, असे त्याच्या मनात येत नाही. बॅडमिंटनची रॅकेट घेताना मात्र आपण शिकलीसवरलेली माणसे नेमके तेच करतो. ज्याचा खेळ पडद्यावर पाहिला त्याच्या रॅकेटीचे नाव दुकानात सांगतो, हजारो रुपये मोजतो, आणि पुढे मुलाचा खांदा किंवा कोपर दुखू लागला की दोष त्याच्या प्रकृतीस देतो.

दुकानात बहुतेक जण वजन विचारतात. रॅकेटीवर ३यू, ४यू, ५यू अशी खूण असते. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा चढला की वजन उतरते, एवढे ध्यानात ठेवावे. पण हा फरक चारपाच ग्रॅमचा. खरा प्रश्न, ते वजन साठले आहे कोठे? रॅकेट आडवी धरून एका बोटावर तोलून पाहा. मुठीच्या टोकापासून साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या पुढे ती तोलली तर डोक्याकडे जड, साडेअठ्ठावीसच्या अलीकडे तोलली तर मुठीकडे जड, मधली ती समतोल. एवढ्याशा अंतराने काय होते, असे कोणी म्हणेल. परंतु फिरविताना जाणवणारा जडपणा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वजनाचा तोच कण हातापासून दुप्पट दूर नेला तर तो फिरविण्यास चौपट जड होतो. म्हणूनच काट्यावर सारख्या उतरणाऱ्या दोन रॅकेटी हातात अगदी निराळ्या लागतात.

आता आपण कोठे उभे राहून खेळतो ते पाहावे. मागच्या रेषेवरून उंच उडी घेऊन स्मॅश मारणाऱ्यास डोक्याकडे जड रॅकेट साथ देते. दुहेरीत जाळीपाशी उभा राहणारा, किंवा अंगावर आलेला स्मॅश परतविणारा, याला क्षणार्धात रॅकेट वळवावी लागते. त्याला मुठीकडे जड किंवा समतोल बरी. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा जिंकले, परदेशातील अशी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. त्या काळच्या रॅकेटी लाकडी चौकटीच्या, आजच्यापेक्षा पुष्कळ जड. खेळ झाला की वाकू नयेत म्हणून लाकडी शिकंजात आवळून ठेवाव्या लागत. तरीही नाटेकरांची ख्याती जाळीवरील नाजूक, फसव्या फटक्यांची! तेव्हा रॅकेट खेळ घडविते, हा समज आम्हांस फारसा पटत नाही. ती खेळाच्या आड येऊ नये, एवढेच पाहावयाचे.

आड येते ती बहुधा ताठ दांड्यामुळे. हात वेगाने फिरला की दांडा किंचित मागे वाकतो आणि फुलाशी गाठ पडताना सरळ होत फटक्यास वेग देतो. ज्याचा हात मुळातच अतिवेगवान, त्याला दांडा ताठ हवा, नाही तर नेम चुकतो. आपल्यासारख्यांच्या हाताने ताठ दांडा वाकतच नाही. मग फूल मागच्या रेषेपर्यंत पोहोचविण्यास सगळा जोर खांद्याने काढावा लागतो. गटिंगचेही तसेच. नामांकित खेळाडू तीस पौंडांच्या आसपास ताण घेतात म्हणून आपणही घेऊ नये. वीस ते बावीस पौंडांवर जाळी अधिक झोका देते आणि फूल कमी श्रमात दूर जाते. शिकणाऱ्या मुलास आणि चाळिशीपुढील गृहस्थास आमची शिफारस एकच: ४यू वा ५यू, समतोल, लवचीक दांड्याची. ती महागच असते असेही नाही.

आपल्याकडील उन्हाळ्याचाही विचार करावा. तापलेली हवा विरळ असते, फूल तीत अधिक पळते. वैशाखात फूल रेषेबाहेर जाऊ लागले म्हणून रॅकेट बदलू नये, फूल बदलावे. नायलॉनचे असेल तर हिरव्या पट्टीचे, म्हणजे संथ, घ्यावे. रॅकेटही उन्हात उभ्या मोटारीत टाकून ठेवू नये, गटिंग ढिले पडते.

विकत घेण्यापूर्वी दोनतीन मित्रांच्या रॅकेटी मागून खेळून पाहाव्यात. तेही पहिल्या डावात नव्हे, तिसऱ्या डावाच्या शेवटी, हात थकल्यावर. त्या वेळी जिने अंगावर आलेले फूल वेळेवर परतविता येईल, तिचे वजन, तोल व दांडा वहीत टिपून घ्यावा आणि मग दुकानात जावे.