पोरं माजली नव्हती: ओरलँडो मॅजिकच्या घसरणीची गोष्ट

तरुण संघ लागोपाठ हरायला लागला की त्याचं निदान तयारच असतं. यश डोक्यात गेलं, पोरं माजली, कोचला आवरेनात. मुरलेल्या खेळाडूंचा संघ हरला तर आपण वय, दुखापत, थकवा अशी कारणं शोधतो. विशीतली पोरं हरली की मात्र थेट त्यांच्या स्वभावावर घसरतो. एनबीएतला ओरलँडो मॅजिक हा संघ २०२३-२४च्या हंगामात नेमका या चक्रातून गेला. त्याचा हंगाम आकड्यांनिशी उलगडता येतो, म्हणून हा विषय त्याच्याच आधाराने बघू.

आधी पूर्वपीठिका. २०२१-२२मध्ये या संघाने ८२ पैकी २२ सामने जिंकले, पुढच्या वर्षी ३४. तिसऱ्या वर्षी संघाची मदार होती पाओलो बँकेरो, फ्रान्झ वॅगनर आणि जेलन सग्ज या तिघांवर. बँकेरो २१ वर्षांचा, बाकीचे दोघे २२चे. कोच जमाल मोझली. पहिल्या दहा सामन्यांत पाच विजय, पाच पराभव. मग लागोपाठ नऊ विजय! क्लबच्या इतिहासातल्या सर्वांत लांब विजयमालिकेशी बरोबरी झाली आणि १४-५ अशा कामगिरीवर संघ पूर्वेकडच्या पहिल्या काही संघांत जाऊन बसला. तिथून फेब्रुवारीतल्या ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत मात्र १६ विजय आणि २० पराभव. विश्रांतीनंतर १७-१०. एकूण ४७-३५, पूर्व विभागात पाचवा क्रमांक.

ओरलँडोचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. त्यामुळे आपल्यातले बरेच जण चहा घेता घेता फोनवर फक्त निकाल बघतात. नुसता निकाल बघणाऱ्याला जिंकले की हरले एवढंच कळतं, आणि पुढचे बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात.

गैरसमज: यश डोक्यात गेलं

नऊ सामन्यांची मालिका जरा जवळून बघू. त्यात एक विजय गतविजेत्या डेन्व्हरवर होता, एक बोस्टनवर, आणि बोस्टनने तर त्याच हंगामाचं विजेतेपद मिळवलं. हे दोन विजय खरेखुरे मोठे. पण उरलेल्यांत शार्लटवर एक आणि वॉशिंग्टनवर दोन होते. त्या वर्षी शार्लटने एकूण २१ सामने जिंकले, वॉशिंग्टनने १५. शिवाय मालिकेतले शेवटचे सहा सामने घरच्या मैदानावर झाले. या संघाची पूर्ण हंगामातली घरची कामगिरी २९-१२ होती, परगावची १८-२३. म्हणजे घर सुटलं की हाच संघ अर्ध्याहून जास्त सामने हरणारा.

आता ते नऊ सामने बाजूला ठेवा. उरलेल्या ७३ सामन्यांत ३८ विजय, ३५ पराभव. ही या संघाची खरी पातळी होती: बऱ्यापैकी, निम्म्यापेक्षा थोडी वर. त्या पातळीला नोव्हेंबरमध्ये भरती आली आणि पुढे पाणी ओसरलं. ओसरण्याला आपण घसरण म्हणालो. भरतीला मात्र भरती म्हणायचं विसरलो.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांनी सांगितलेला इस्रायली हवाई दलाचा किस्सा इथे आठवतो. तिथल्या प्रशिक्षकांचा अनुभव असा, की चांगल्या उड्डाणानंतर शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं आणि वाईट उड्डाणानंतर झापलं की पुढचं सुधारतं. त्यांना वाटलं, शाबासकी बाधते आणि ओरडणं लागू पडतं. खरं तर फार चांगल्यानंतर आणि फार वाईटानंतर माणूस बहुधा आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो, कोणी काही बोलो वा न बोलो. वर्तमानपत्रात कौतुक छापून आल्यावर हरलेल्या संघाबद्दल ‘कौतुक नडलं’ म्हणणारे त्याच प्रशिक्षकांच्या रांगेतले.

मालिका तुटली तो दिवसही बघण्यासारखा आहे. १ डिसेंबरच्या रात्री घरी वॉशिंग्टनशी १३०-१२५ अशी अटीतटीची लढत झाली. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनकडून १२९-१०१ असा दणका बसला. चोवीस तासांत माज चढत नाही. चोवीस तासांत पाय मात्र जड होतात.

गैरसमज: विशीतल्या पोरांना कसला थकवा?

या गैरसमजाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवरही तो पक्का रुजला आहे. ‘तुमच्या वयात आम्ही दिवसाला दोन मॅचेस खेळायचो,’ हे वाक्य नागपाड्यापासून नागपूरपर्यंत कुठल्याही कोर्टाच्या कडेला ऐकायला मिळतं.

तरुण शरीर एका सामन्यातून लवकर सावरतं, हे खरं. पण हंगामाची लांबी ही वेगळीच परीक्षा असते. बँकेरो ड्यूक विद्यापीठाकडून एकच हंगाम खेळला, आणि त्याचा संघ अंतिम चारांत पोचला तरीही त्याचे सामने झाले ३९. एनबीएत आल्यावर तीच संख्या ८२, तीही ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. विद्यापीठातला सामना ४० मिनिटांचा, इथला ४८. म्हणजे जिथे आधी वर्ष संपायचं, तिथे आता जेमतेम निम्मा रस्ता झालेला असतो. नवोदित खेळाडू साधारण जानेवारीत ज्या भिंतीला धडकतात तिला अमेरिकन मंडळी ‘रूकी वॉल’ म्हणतात, ती हीच. बँकेरोच्या पहिल्या वर्षी, २०२३च्या सुरुवातीला, त्याचे थ्री-पॉइंटर असेच आटले होते. पूर्ण वर्षात त्याचे तिसातले नऊसुद्धा थ्री बसले नाहीत. त्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला, हेही सांगायला हवं. दुसऱ्या वर्षी तो ८० सामने खेळला, सामन्याला सरासरी ३५ मिनिटं.

थकवा पहिल्यांदा कुठे दिसतो? धावण्यात नव्हे. थकलेला खेळाडू धावतो, उडी मारतो, घामही गाळतो. पण लांबून चेंडू टाकताना जोर पायांतून यायला हवा, तो खांद्यातून यायला लागतो. चेंडूची कमान सपाट होते आणि तो रिंगच्या पुढच्या कडेवर आदळतो. समोर लागोपाठ तीन थ्री असे आखूड पडताना दिसले, तर त्या खेळाडूची जिद्द नाही, झोप तपासावी.

झोपेवर स्टॅनफर्ड विद्यापीठात चेरी मा यांनी केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बास्केटबॉल संघातल्या ११ खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. त्यांची फ्री थ्रोची आणि थ्री-पॉइंटरची अचूकता दोन्ही सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. अकराच खेळाडू, आणि तुलनेला दुसरा गट नाही. तेव्हा हा शेवटचा शब्द मानू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. आता एनबीएचा नित्यक्रम आठवा: रात्री सामना, मग विमान, मध्यरात्र उलटल्यावर परक्या गावचं हॉटेल, आणि अधूनमधून दुसऱ्याच दिवशी पुन्हा सामना. मुरलेला खेळाडू यातून झोप कशी चोरायची, सराव कधी टाळायचा, काय खायचं हे शिकलेला असतो. एकवीस वर्षांचा मुलगा ते शिकत असतो, आणि त्याची फी पराभवांत भरतो.

गैरसमज: दुखापती झाल्या, विषय संपला

हे स्पष्टीकरण माजापेक्षा सभ्य आहे, पण अर्धंच. सेंटर वेंडेल कार्टरचा हात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोडला. पॉइंट गार्ड मार्केल फुल्ट्झ गुडघ्यामुळे बाहेर बसला. हे दोघे नसतानाच ती नऊ विजयांची मालिका झाली! कार्टरच्या जागी गोगा बिटाझे उभा राहिला, फुल्ट्झच्या जागी १९ वर्षांचा अँथनी ब्लॅक. दोघांनीही अपेक्षेपेक्षा जास्त दिलं.

दुखापतीची किंमत उशिरा वसूल होते. बदली खेळाडू पहिले काही सामने प्रतिस्पर्ध्याला अनोळखी असतो. महिन्याभरात त्याच्या खेळाचे व्हिडिओ प्रत्येक संघाच्या बैठकीत चालू असतात. मुख्य खेळाडू परततात तेव्हा त्यांची लय बसलेली नसते, आणि ज्यांची बसली होती त्यांना बाकावर जावं लागतं. पाच जणांचा मेळ पुन्हा नव्याने जुळवायचा. त्यात ३ जानेवारीला सॅक्रामेंटोत वॅगनरचा घोटा मुरगळला आणि तो पंधरवड्याहून जास्त काळ बाहेर गेला. ही दुखापत मात्र खरोखरच महागात पडली, कारण बँकेरोखेरीज स्वतःच्या बळावर बास्केट काढणारा तोच होता.

गैरसमज: शेवटच्या मिनिटात कच खातात

सॅक्रामेंटोचाच सामना घ्या. बँकेरोने ४३ गुण केले, सामना दोनदा ओव्हरटाइममध्ये गेला आणि ओरलँडो १३८-१३५ असं हरलं. निकालाच्या रकान्यात एक पराभव. नोव्हेंबरच्या मालिकेतला पहिला विजय होता शिकागोवर, ९६-९४. तिथे रकान्यात एक विजय. पहिल्यात पोरं ‘कच्ची’ आणि दुसऱ्यात ‘धीराची’, आणि दोन्हींतलं अंतर चेंडूच्या एका उसळीएवढं. दोन-तीन गुणांचे निकाल बरेचसे नशिबाचे असतात. संघाचा कस पाहायचा तर वीस-पंचवीस सामन्यांतला गुणांचा सरासरी फरक बघावा, प्रतिस्पर्धी कोण होते ते बघावं, आणि घरी किती सामने झाले ते.

गैरसमज: कोच बदला, गाडी रुळावर येईल

त्याच हंगामात मिलवॉकी बक्सने ३०-१३ अशा स्थितीत असताना, २३ जानेवारी २०२४ला, कोच एड्रियन ग्रिफिन यांना घरी पाठवलं. त्यांच्या जागी डॉक रिव्हर्स हे नामवंत कोच आले. त्यांच्या हाताखाली संघ १७-१९ खेळला. डच फुटबॉलमधल्या जवळपास दोन दशकांच्या नोंदी बास टेर वील या अर्थतज्ज्ञाने तपासल्या, तर कोच हाकलल्यावर दिसणारी सुधारणा कोच न हाकललेल्या संघांतही तशीच दिसली. पडत्या काळानंतर संघ वर येतोच. ओरलँडोने मोझलींना ठेवलं, इतकंच नाही, तर मार्च २०२४मध्ये त्यांचा करार वाढवला.

मग घसरणीत संघाचा स्वतःचा दोष काहीच नव्हता का? होता, आणि तो नोव्हेंबरातही होता. संघाला लांबून चेंडू घालता येत नव्हता. लीगमध्ये सर्वांत कमी थ्री-पॉइंटर टाकणाऱ्या संघांत ओरलँडो होतं आणि जे टाकायचे तेही जेमतेम ३५ टक्के बसायचे. डिफेन्स लीगमधल्या उत्तमांपैकी, म्हणून ही लंगडी बाजू झाकली जायची. पण डिसेंबरपर्यंत प्रतिस्पर्ध्यांनी हे ओळखलं. बाहेर उभ्या असलेल्या खेळाडूला मोकळं सोडायचं आणि सगळ्यांनी मिळून रिंगखालची जागा अडवायची. बँकेरो ड्राइव्ह करून आत घुसला की समोर तीन जण. त्याने बाहेर पास द्यावा, मोकळा थ्री हुकावा, रिबाउंड समोरच्यांनी घ्यावा आणि पळत सुटावं. मग आपला नावाजलेला डिफेन्स उभा राहायच्या आत दोन गुण गेलेले. पाय थकले की थ्री आणखी आखूड, म्हणजे दुष्टचक्र पुरं. हरणाऱ्या संघातल्या तरुणांची ‘वृत्ती’ टीकाकारांना लांबून दिसते, मोकळा सोडलेला कोपरा मात्र दिसत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडशी सात सामन्यांची झुंज झाली. सातही सामने यजमानांनी जिंकले. सातव्या सामन्यात ओरलँडोकडे १८ गुणांची आघाडी होती, तरी शेवट १०६-९४ असा क्लीव्हलँडच्या बाजूने लागला. पुढच्या हंगामात, २०२४-२५मध्ये, बँकेरो आणि वॅगनर दोघांनाही पोटाच्या स्नायूंच्या दुखापतीने ग्रासलं, संघ ४१-४१वर थांबला आणि थ्री-पॉइंटरच्या अचूकतेत ३१.८ टक्क्यांनी लीगमध्ये शेवटचा आला. जून २०२५मध्ये ओरलँडोने दोन खेळाडू आणि पहिल्या फेरीचे चार ड्राफ्ट हक्क देऊन मेम्फिसकडून डेस्मंड बेन घेतला. त्याची ओळख एकच: तो लांबून चेंडू घालतो.