कुत्रीच ती, पण घरातली

माणूस गेला की शेजारीपाजारी येऊन बसतात, घरातल्यांच्या जेवणाचं बघतात. घरातली कुत्री गेली तर तसं काही होत नाही. आमची चिंगी म्हातारपणानं गेली, तिला आम्ही माडाखाली पुरलं, आणि त्याच संध्याकाळी एकानं सल्ला दिला, "कुत्रीच ती, दुसरी आणा." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण घरात दोन दिवस कुणाच्या गळ्याखाली पेज उतरली नाही. एका मुक्या जिवासाठी असं का व्हावं?

आमची तोंडवली म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. रापण ओढायची वेळ झाली की किनाऱ्यावर गावठी कुत्री जमतात. त्यांतलंच एक खरजेलं पिल्लू बारा वर्षांपूर्वी आईच्या मागोमाग घरी आलं. आईनं पेज घातली आणि ते आमचं झालं. सकाळी आईबरोबर विहिरीवर, संध्याकाळी एसटीच्या वेळेला मुलांना आणायला, रात्री पडवीत. आमच्या दिवसाचं घड्याळच तिच्याशी जुळलेलं होतं. म्हणून ती एकदाच जात नाही, दिवसातून चार वेळा, त्या त्या वेळेला जाते.

याला शरीराचंही कारण आहे. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांना २०१५ साली आढळलं. आई आणि तान्हं बाळ यांची माया जुळते त्यातही याच द्रव्याचा वाटा असतो.

ही माया जुनी आहे. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचं पिल्लू होतं. त्याच्या दातांवरून ते डिस्टेंपरनं फार आजारी होतं आणि कुणी शुश्रूषा केल्याशिवाय तितके दिवस जगलं नसतं, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. त्या आजारी पिल्लाचा शिकारीला काय उपयोग? तरीही कुणीतरी त्याला जपलं. आपल्या महाभारतातही कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जायला युधिष्ठिर तयार झाला नाही.

समाज ज्याला दुःख मानत नाही, ते दुःख माणसाला एकट्यानं सोसावं लागतं. अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखावर पुस्तकच काढलं. रडू दाबलं म्हणून ते हलकं होत नाही. मुलांनाही 'ती गावाला गेली' असं सांगू नये. मुलं वाट पाहत बसतात. 'ती मेली, आता येणार नाही' असं जवळ घेऊन सांगावं. दुसरं पिल्लू आणायचं ते घराचं मन होईल तेव्हा, आणि त्याला नाव नवं द्यावं.

शेजारच्या घरातलं कुत्रं गेलं तर घटकाभर जाऊन बसा. "कशी होती हो तुमची?" एवढंच विचारा. बाकीचं ते घर सांगेल.